समोरच्या ओसरीवरच्या अक्कांना

अक्का,

तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचायचं झालं तर तेलुगूच. त्यामुळे हे पत्र तुमचा नातूच वाचून दाखवणार. त्याला सांगून ठेवतो, मधलं काही गाळू नकोस.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा उठत आली होती, तेव्हा मी हुतात्मा एक्स्प्रेसनं रात्री दहाला सोलापुरात उतरलो. पुण्यातली अकाउंट्सची नोकरी सुटली होती. आमचा अख्खा विभागच बंद केला, त्यामुळे रडायला निदान सोबत होती. घरी आल्यावर मात्र एकटा पडलो. आपल्या पूर्व भागात दिवसा घरात असतात बाया, म्हातारी माणसं आणि रात्रपाळी करून झोपलेले यंत्रमाग कामगार. एकोणतीस वर्षांचा धडधाकट पोरगा अकरा वाजता दारात उभा दिसला की गल्ली विचारणारच. तुम्हीही विचारलंत, "काय करलालास रे?" मी म्हणालो, "नोकरी शोधलालाव." तुम्ही म्हणालात, "शोध की मग. दारात हाय व्हय ती?"

राग आला होता. आता सांगायला हरकत नाही.

पहिले दोन महिने मी काय केलं ते तुम्ही समोरून बघतच होता. सकाळी मोबाइल उघडायचा, दिसेल त्या जाहिरातीवर बोट दाबायचं. एका दिवशी साठ अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. मग रंगीत रकान्यांचं वेळापत्रक केलं, पहाटे पाच ते रात्री दहा. चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी तुमच्या वेळापत्रकाला विचारून येत नाही. घागरी, पिंप, टाकी भरून होईस्तोवर दुपार झाली. एक दिवस बुडाला म्हणून मी पुढचे आठ दिवस बुडवले.

तुमच्या ओसरीवर येऊन हेच रडगाणं गायलो. मांडीवरच्या सुपातून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "पाणी आलं की माझं बी काम थांबतंय. त्या दिवशी सातशे. खाडा नाही पण."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमचं विड्या वळायचं काम नीट बघितलं. लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं, बघितलं नव्हतं. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा नमुना ठेवून कात्रीनं कापायची. मग तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीसची एक जुडी, चाळीस जुड्या झाल्या की हजार. किती वाजले ते तुम्ही बघतच नव्हता, जुड्या मोजत होता. मी विचारलं, एवढ्या विड्या खपतात का? तुम्ही म्हणालात, "खपवायचं शेटचं काम. आमचं हजार."

(विडीचं कौतुक करायला हे लिहीत नाही. त्या तंबाखूच्या धुरळ्यानं तुमचा खोकला किती वाढलाय ते भिंतीपलीकडून मला ऐकू येतं.)

तर माझा हजार मी ठरवला. दिवसाला दोनच अर्ज, पण जाहिरात पूर्ण वाचून. त्यांना जीएसटी रिटर्न भरणारा हवा असेल तर सीव्हीत ते काम वर घ्यायचं, बँकेचा हिशेब जुळवणारा हवा असेल तर ते. ओळखीच्या एका माणसाला फोन. एक तास शिकायचं, एक्सेलमधलं पिव्होट टेबल मी पुण्यात तीन वर्षं दुसऱ्याकडून करून घेत होतो. एवढं झालं की लॅपटॉप बंद, मग दुपारचा एक वाजलेला असो की सहा. पाण्याच्या दिवशी एकच अर्ज आणि फोन. उद्या कुठे अर्ज करायचा त्या दोन जाहिराती रात्रीच काढून ठेवायच्या. हे तर सरळ तुमच्या ओल्या फडक्यातून उचललं. सकाळी उठून "आज काय करू" असं म्हणत बसलो की माझी सकाळ तिथंच संपायची.

एक वहीही घातली. तारीख, कंपनी, कोणाशी बोललो, पुन्हा कधी विचारायचं. शनिवारी तुम्ही हिशेब जुळवायला बसलात की मीही वही घेऊन ओसरीवर. पाच महिन्यांत सव्वादोनशे अर्ज आणि चौदा मुलाखती झाल्या.

आणि छाट. कारखान्यात चेकरनं बाजूला काढलेल्या विड्या तुम्ही एकदा मला दाखवल्यात. काहींचा दोरा सैल होता, काही मला तरी चांगल्याच दिसत होत्या. "ह्यात माझी चूक हाय," सैल दोऱ्यावर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "आन् ह्यात त्याच्या बायकोशी भांडण." मी माझी वही त्या नजरेनं चाळली. तीन मुलाखतींत मी एकाच प्रश्नाला अडखळलो होतो, आधीची नोकरी का सोडली. मी उगाच गोल गोल बोलायचो. विभाग बंद झाला, हे सरळ सांगायला शिकलो. ज्यांनी काही न कळवता नाकारलं, त्यांच्या घरच्या भांडणात मी पडलो नाही.

हे सगळं लिहिताना मी फार शहाण्यासारखा वागलो असं वाटेल. मे महिन्याचं आठवा. पुण्याच्या एका कंपनीत तिसऱ्या फेरीपर्यंत गेलो, पगाराचंही बोलणं झालं, आणि मग "दुसरा उमेदवार घेतला" असा दोन ओळींचा ईमेल. वर तापलेला पत्रा, खाली मी. तीन दिवस आडवा होतो. आई दारातून बघून परत जायची. चौथ्या दिवशी तुम्ही नातवाला पाठवून मला बोलावलंत, हातात कात्री दिलीत आणि म्हणालात, "शंभर पानं काप." का, कशाला, काही नाही. मी कापली. एकही नमुन्यासारखं नव्हतं. ओसरीवरच्या सगळ्या बाया इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. तासाभरानं तुम्ही कात्री काढून घेतलीत. "पुरे. माझी पानं वाया चाललीत. जा, तुझं कर जा."

त्या संध्याकाळी मी एकाच माणसाला फोन केला. कॉलेजमधला मित्र, वर्षभरात बोललो नव्हतो. त्याला तेव्हा काही माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये त्याचाच फोन आला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्याकडे अकाउंटंटची जागा आहे म्हणून. पगार पुण्यापेक्षा पाच हजारांनी कमी आहे. खोलीभाडं वाचतं आणि दुपारी डब्यात आईची भाकरी असते, म्हणून मी तक्रार करत नाही. कधी कधी करतो.

तुमच्यासाठी मी केलं ते एवढंच. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला तुमचा अंगठा मशीनवर उठेना. इतक्या वर्षांच्या पानं-दोऱ्यानं त्यावरच्या रेषाच झिजल्यात. मोबाइलवर चेहरा दाखवून ते काम झालं, आणि तुम्ही पदर सावरून फोटोला बसावं तशा बसलात. दर वर्षी ते मी करून देईन, हे इथं सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

नोकरी लागल्याचं सांगायला आलो तेव्हा पेढ्यांचा बॉक्स बघून हात थांबतील असं वाटलं होतं. थांबले नाहीत. "किती वाजता जायचं?" तुम्ही विचारलंत. साडेनऊला, म्हणालो.

"मग आईला सांग, डब्याची मटकी आज रात्रीच भिजत घाल म्हणावं."

तुमचा,
समोरच्या खोलीतला