लोकसंख्या वाढली ती मरण कमी झालं म्हणून

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

११ जुलैच्या लोकसंख्या दिनानिमित्त आपल्या पेपरात तीन-चार वाचकांची पत्रं आली होती. सगळ्यांचा सूर एकच, अडाणी गरीब लोक पोरं वाढवत सुटलेत म्हणून देशाची ही गत झाली, दोनच्या वर मूल झालं की रेशन बंद करा. वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात ३१ वर्षं अंगणवाडी टीचर होते, आता रिटायर आहे. दरवर्षी घरोघरी फिरून सर्व्हे करायचा, कोण जन्मलं, कोण गेलं, गरोदर किती, अंगावर पाजणाऱ्या किती, सगळं वहीत भरायचं, हेच काम आयुष्यभर केलं.

वहीत जन्माचं एक पान असायचं आणि मृत्यूचं एक. मी कामाला लागले तेव्हा वर्षाच्या आतलं बाळ गेलं नाही असं एक वर्ष सुद्धा जायचं नाही. जुलाब, गोवर, छातीत कफ, घरातलं बाळंतपण, आणि पावसाळ्यात आमच्याकडचे रस्ते म्हणजे काय सांगायचं, ओढा भरला की बाईला झोळीत घालून आणायचं, दवाखान्यात पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जायचं. मग लसी घरापर्यंत आल्या, मीठ-साखरेचं पाणी आयांना माहीत झालं, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, १०८ ची गाडी आली, आणि हळूहळू ते मृत्यूचं पान कोरं राहायला लागलं. देशाचा आकडाही तेच सांगतो, १९७१ ला हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जायची, २०२० ला २८. ज्याला आपण लोकसंख्येचा स्फोट म्हणतो त्यात ही जगलेली बाळं आहेत, एवढं तरी लक्षात घ्या.

जगाचं पण तेच. १८०४ च्या सुमारास जगात १०० कोटी माणसं होती, २०० कोटी व्हायला १९२७ उजाडलं, म्हणजे सव्वाशे वर्षं लागली, आणि आता ७०० चे ८०० कोटी व्हायला फक्त ११ वर्षं, २०११ ते २०२२. त्या जुन्या काळात बायकांना मुलं कमी व्हायची असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे, व्हायची जास्तच, पण राहायची नाहीत. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत तर आपल्या देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली होती, १९१८ चा इन्फ्लुएंझा आणि प्लेग. माझी आजी प्लेगचं सांगायची, उंदीर पडले की अख्खं गाव घरं सोडून शिवारात झोपड्या घालून राहायचं आणि परत येताना माणसं मोजायची. नंतर लसी, शुद्ध पाणी, पेनिसिलिन, खतं आणि नवीन बियाणांमुळे पुरेसं धान्य, हे सगळं शंभर वर्षांच्या आत आलं, देवीचा रोग तर १९८० पर्यंत जगातूनच गेला, मग माणसं वाढणार नाहीत तर काय?

आता जन्माचं पान. ते उशिरा पातळ झालं, आणि का उशीर झाला ते मला एका बाईनं शिकवलं. पाचव्या वेळी गरोदर होती, मी समजवायला गेले तर म्हणाली, "टीचर, माझी दोन गेली. आता आहेत त्यातली किती राहणार ते लिहून देशील काय तू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचीच मुलगी पुढे पीयूसी म्हणजे बारावीपर्यंत शिकली, बाविसाव्या वर्षी लग्न झालं, दोन मुलांवर थांबली, तिला कुणी समजवायला सुद्धा जायला लागलं नाही. आधी मुलं जगायची खात्री होते आणि मग आई थांबते, मधे पंधरा-वीस वर्षं जातात आणि त्याच मधल्या काळात आकडा फुगतो. आफ्रिकेत नायजर, काँगो अशा देशांत आज तेच चाललंय, त्यांचं मृत्यूचं पान आत्ता कोरं व्हायला लागलंय, म्हणून त्यांना तरी कशाला नावं ठेवायची.

आपल्याकडे तर जन्म कमी झालेले आहेतच हो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ ची, बाईमागे सरासरी २.० मुलं, कर्नाटकात १.७ आणि महाराष्ट्रातही १.७. लोकसंख्या आहे तेवढी राहायला २.१ लागतात. तरी देशाचा आकडा अजून वाढतोय कारण आधी जन्मलेली पिढी आत्ता संसाराच्या वयात आहे, ती पुढे सरकली की थांबणार. युनोचा अंदाज आहे की जगाची लोकसंख्या २०८० नंतर सुमारे १०३० कोटींवर जाऊन मग उतरायला लागेल. मग रेशन बंद करून काय होणार, ज्या घरात तिसरं मूल आहे त्या घरातलं ते मूल उपाशी राहणार, बस.

आणि आजवर जन्म थांबवले ते कुणाच्या अंगावर? १९९६ पर्यंत आम्हाला नसबंदीचं टार्गेट असायचं, मार्च आला की केसेस आणा, केसेस आणा. शाळेच्या खोलीत ओळीनं बायका झोपवलेल्या मी पाहिल्यात, आमच्या गावच्या एकीला टाक्यात पू झाला, तीन महिने ती खुरपायला जाऊ शकली नाही, विचारायला कुणी आलं नाही, मीच जायची. त्याच पाहणीत आहे बघा, नसबंदी केलेल्या बायका १०० त जवळजवळ ३८, आणि पुरुषांच्या नसबंदीवर अवलंबून असलेली जोडपी १०० त एक सुद्धा नाही, ०.३ टक्के. पुरुषांचं ऑपरेशन सोपं, पोट उघडायला लागत नाही, त्याच दिवशी घरी. पण आणीबाणीत जी जबरदस्ती झाली तिची भीती आणि 'ताकद जाते, शेतकाम होत नाही' ही समजूत अजून घरात बसलीय, आणि ती काढायला कुणी बाहेर पडत नाही.

शहरातल्या गर्दीबद्दल त्या पत्रांत लिहिलंय ते खरं आहे. बेळगावात उन्हाळ्यात राकसकोप धरणाचं पाणी खाली गेलं की नळाची वाट बघायची, चहूबाजूला भाताच्या जमिनीत प्लॉट पडत चाललेत, हलगा-मच्छे बायपाससाठी शेतकऱ्यांना पिकतं रान वाचवायला भांडायला लागलं. पण ती गर्दी पाळण्यातून आलेली नाही. माझ्या अंगणवाडीत एकेकाळी चाळीस मुलं बसायची, शेवटच्या वर्षी नऊ होती. गावात घरांना कुलपं, पोरं पुण्याला नाहीतर गोव्याला, कारण गावात काम नाही. मागे राहिलेत म्हातारे. शेवटच्या सर्व्हेला कितीतरी घरांत साठीच्या पुढची दोन माणसं आणि तिसरं कुणी नाही, बीपीच्या गोळ्या आणायला सुद्धा शेजाऱ्याचं पोर शोधायचं. पुढचं मोठं संकट मला तरी हे दिसतं, आणि त्यावर एकाही पत्रात एक ओळ नाही.

दुसरीकडे उलटं पण सुरू झालंय. २०२४ ला आंध्र आणि तामिळनाडूचे मुख्यमंत्री जास्त मुलांची भाषा बोलले, आंध्रचे म्हातारे वाढतायत म्हणून, तामिळनाडूचे लोकसंख्येवर ठरणाऱ्या खासदारांच्या जागा कमी होतील म्हणून. आमच्या सीमाभागात सुद्धा मागे एका लग्नात एकजण माईक घेऊन म्हणाले, मराठी माणूस कमी पडतोय, नव्या जोडप्यानं चार तरी होऊ द्यावीत. नवरी खाली बघत होती. मला फार वाईट वाटलं. मराठी टिकवायची असेल तर आहेत ती मुलं मराठी शाळेत घाला, २०२७ च्या जनगणनेत मातृभाषा नीट सांगा. बाईचं पोट हे काय मोर्चाचं मैदान नव्हे. कमी करा म्हणणाराही तिला विचारत नाही आणि वाढवा म्हणणाराही विचारत नाही.

मुलगी अठरापर्यंत शाळा-कॉलेजात टिकली की बाकीचं ती बघते, हे मी वहीत बघितलंय. अजून देशात २०-२४ वयाच्या बायकांत शंभरात २३ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघतं. दंड करायचाच तर अशी लग्नं लावणाऱ्यांना करा.

शेवटी एक विनंती. बायकांच्या शिबिराची बातमी आपल्या पेपरात येते, कधी फोटोसकट. पुरुषांच्या नसबंदीचं शिबिर खानापूर तालुक्यात कधी आणि कुठल्या दवाखान्यात आहे हे एकदा चौकशी करून तारखेसकट पहिल्या पानावर छापा. मी ते कात्रण घेऊन घरोघरी जायला तयार आहे, रस्ते मला पाठ आहेत.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी टीचर
ता. खानापूर, जि. बेळगाव