परदेशी शस्त्रखरेदी: करार संपल्यावर हाती काय उरते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संरक्षण साहित्य परदेशी कंपन्यांकडून घ्यावे की नाही, याची चर्चा आपल्याकडे बहुधा एखादा मोठा करार झाला किंवा त्यात दलालीचा आरोप झाला की सुरू होते. मग एक बाजू म्हणते की सैनिकाच्या हाती जगातले उत्तम तेच हवे, आणि दुसरी विचारते की एवढा पैसा बाहेर कशाला जाऊ द्यायचा. दोन्हीकडच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. परंतु या पैशांच्या मोबदल्यात आपण नेमके काय विकत घेतो आणि घेतलेले सांभाळतो का, हा प्रश्न त्या वादात मागेच राहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुंबईतल्या माझगाव डॉक या जहाजबांधणी गोदीचे उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. डिसेंबर १९८१ मध्ये भारताने पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. त्यांपैकी ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ या दोन कील येथील कंपनीच्या गोदीत बांधल्या गेल्या, तर उरलेल्या दोन त्याच आराखड्यांवरून, जर्मनीत शिकून आलेल्या आपल्या माणसांनी मुंबईत बांधल्या. ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. परदेशी खरेदी करायचीच तर ती अशी करावी, असे मला आजही वाटते. पण मधल्या काळात, १९८७ मध्ये, या व्यवहारात दलाली दिली गेल्याचा आरोप झाला, पुढच्या पाणबुड्यांचा विषय बाजूला पडला आणि ‘शंकुल’ नौदलाकडे गेल्यावर गोदीतले पाणबुडीबांधणीचे काम थांबले. फ्रेंच बनावटीच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार व्हायला ऑक्टोबर २००५ उजाडला आणि त्यांतली पहिली ‘कलवरी’, जी २०१२ मध्ये मिळायची होती, ती डिसेंबर २०१७ मध्ये मिळाली.

हा खंड किती महागात पडतो, हे मी माझ्या व्यवसायामुळे थोडेफार सांगू शकतो. मी नोकरीची सारी वर्षे वेल्डिंगच्या तपासणीत काढली. पाणबुडीच्या नव्हे, तर कारखान्यांत लागणाऱ्या प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे उच्च दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या. जाड आणि उच्च ताकदीच्या पोलादाचा सांधा हा फार हट्टी प्रकार असतो. इलेक्ट्रोड, म्हणजे वेल्डिंगची कांडी, ओव्हनमध्ये सुकवून गरम असतानाच वेल्डरच्या हाती द्यावा लागतो, कारण त्याच्या आवरणातल्या ओलाव्यातून हायड्रोजन सांध्यात शिरतो. प्लेट आधी ठरावीक तापमानापर्यंत तापवावी लागते आणि काम संपेपर्यंत ते तापमान उतरू द्यायचे नसते. एवढे करूनही चूक झाली असेल तर ती लगेच दिसत नाही. भेग एक-दोन दिवसांनी पडते, म्हणून सांधा ४८ तासांनी पुन्हा तपासतात. हे सगळे पुस्तकात लिहिलेले असते. मात्र अडचणीच्या जागेत आडवे पडून, डोक्यावरचा सांधा भरताना हात कोणत्या गतीने चालवायचा, हे शिकलेल्या माणसाशेजारी बसूनच शिकावे लागते. आमच्या क्षेत्रात नियमच असा आहे की एखाद्या पद्धतीचे काम वेल्डरने सहा महिने केले नाही, तर त्याची पात्रता संपते आणि त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागते. जिथे सहा महिन्यांचा खंड चालत नाही, तिथे आपण पाणबुडीचा सांगाडा जोडणाऱ्या माणसांना सुमारे बारा वर्षे नव्या पाणबुडीचे काम दिले नाही. त्या काळात कोणी निवृत्त झाले, कोणी दुसऱ्या कामाला लागले, आणि पैसे मोजून आणलेली विद्या कागदावर राहिली.

आज त्याच चुकीची पुनरावृत्ती होऊ घातली आहे, असे मला वाटते. सहावी स्कॉर्पीन ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली, तेव्हा पुढच्या पाणबुड्यांचा करार झालेला नव्हता. त्यानंतर त्याच वर्षी ज्या जर्मन कंपनीशी बोलणी सुरू झाली, तिच्याचकडे कीलची ती जुनी एचडीडब्ल्यू गोदी आहे. चाळीसहून अधिक वर्षांनी आपण पुन्हा त्याच दारात उभे आहोत, आणि तेही पुन्हा शिकण्याचे शुल्क भरायला. जर्मन कंपनीचा यात काही दोष नाही. विद्यार्थ्याने अभ्यास सोडला तर शिक्षकाला बोल लावता येत नाही.

तोफांच्या बाबतीतही हेच झाले. मार्च १९८६ मध्ये बोफोर्सच्या ४१० तोफांचा करार झाला, त्याबरोबर तोफेचे आराखडेही मिळाले. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी दिली आणि त्यानंतर जे वादळ उठले त्यात दोषी कोण हे तर शेवटपर्यंत सिद्ध झाले नाहीच, पण आराखडे मात्र धूळ खात पडले. कारगिलच्या लढाईत १९९९ मध्ये याच तोफांनी शिखरांवरील ठाणी फोडली, परंतु दारूगोळा आणि सुटे भाग घाईघाईने बाहेरून मिळवावे लागले. ‘जे आहे त्यानिशी लढू’ असे तत्कालीन लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांना जाहीरपणे सांगावे लागले. त्याच आराखड्यांचा आधार घेऊन तयार झालेल्या ‘धनुष’ तोफांची ११४ नगांची मागणी २०१९ मध्ये नोंदवली गेली. मूळ करारापासून तेहतीस वर्षांनी! स्कॉर्पीनसाठी ठरलेल्या इटालियन टॉर्पेडोंचे (पाण्याखालून डागायच्या अस्त्रांचे) घोडेही अशाच कारणाने अडले: त्याच उद्योगसमूहातील दुसऱ्या कंपनीच्या हेलिकॉप्टर व्यवहारात लाचखोरीचे प्रकरण निघाले, टॉर्पेडोंची खरेदी रद्द झाली आणि नव्याकोऱ्या पाणबुड्यांना जुन्या टॉर्पेडोंवर भागवावे लागले. लाच घेणाऱ्यावर खटला जरूर चालवावा, कंपनीकडून जबर दंडही वसूल करावा. पण शिक्षा म्हणून स्वतःच्याच सैन्याचा पुरवठा तोडणे हा शहाणपणा नव्हे.

परदेशी साहित्यावर विसंबण्याचा दुसरा धोका सर्वांना ठाऊक आहे, तरी तो किती प्रत्यक्ष असतो ते सांगितले पाहिजे. पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे सुट्या भागांअभावी जमिनीवर बसली. पाकिस्तानने तर पैसे मोजलेली २८ एफ-१६ विमाने १९९० मध्ये अमेरिकेने अडवून धरली. ती ॲरिझोनाच्या वाळवंटातील तळावर उभी राहिली आणि अनेक वर्षांनी तडजोड झाली तेव्हा परतफेडीचा काही भाग गव्हासारख्या मालात स्वीकारावा लागला. निर्बंध नसले तरी युद्धाने काय होते, हे आपण नुकतेच पाहिले आहे. रशियात बांधलेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नौदलात आलेल्या ‘तुशील’ या फ्रिगेट प्रकारच्या युद्धनौकेची गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनच्या मिकोलायिव येथील कारखान्याची आहेत. रशियाला ती युक्रेनकडून मिळणे शक्य नव्हते, म्हणून ती भारताने विकत घेऊन रशियन गोदीला पुरवली. याच वर्गाच्या आणखी दोन नौका गोवा शिपयार्डमध्ये बांधल्या जात आहेत, आणि माझगाव डॉकने बांधलेल्या ‘मुरगाव’सारख्या विनाशिकांतही त्याच युक्रेनियन कारखान्याची टर्बाइन आहेत. नौका आपल्या, नावे आपली, पण त्यांना चालवणारे यंत्र ज्या शहरातून येते तिथे बॉम्ब पडत आहेत.

इंजिन ही आपली जुनी दुखरी जागा आहे. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूत तयार झालेले ‘मारुत’ हे लढाऊ विमान जून १९६१ मध्ये आकाशात झेपावले, त्याची रचना उत्तम होती, परंतु त्याला हवे तसे ताकदीचे इंजिन कधीच मिळाले नाही. ज्या ब्रिटिश इंजिनावर ते बेतले होते, त्याच्या विकासाचा खर्च उचलायला आपण नकार दिला होता. पुढे देशी ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला आणि २००८ मध्ये तो ‘तेजस’ या देशी लढाऊ विमानापासून वेगळा करावा लागला. परिणाम आज नाशिकजवळच्या ओझरला दिसतो. तिथल्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीच्या) कारखान्यात ‘तेजस’ची नवी उत्पादन साखळी उभी राहिली, ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे बनलेल्या विमानाने उड्डाणही केले, ही नाशिककरांइतकीच मलाही अभिमानाची गोष्ट वाटते, पण ‘तेजस मार्क-१ ए’साठी २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ अमेरिकी इंजिनांपैकी पहिले यायला मार्च २०२५ उजाडला. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ ची शेवटची विमाने निवृत्त झाली आणि हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या ४२ मंजूर तुकड्यांपैकी २९ उरल्या. ओझरने मिग आणि नंतर सुखोई परवान्याखाली दशकानुदशके बनवली, तरीही इंजिनाच्या गाभ्यातील ज्ञान परवान्यात येत नाही, कोणतीही कंपनी ते सहजासहजी विकत नाही, हे एव्हाना आपल्या लक्षात यायला हवे होते.

याचा अर्थ परदेशी खरेदी बंद करावी असा मुळीच नाही. तुकड्या कमी पडत असताना हवाई दलाला ‘देशी इंजिन येईपर्यंत थांबा’ असे सांगणे हा सैनिकांशी अन्याय ठरेल, म्हणून ३६ राफेल घेतली ते योग्यच झाले असे माझे मत आहे. शिवाय गरज पडली की आपण काय करू शकतो, याचीही उदाहरणे आहेत. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी लागणारे पोलाद रशियाकडून मिळेना, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातू प्रयोगशाळेने आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीने ते देशातच घडवले, आणि त्यानंतरच्या युद्धनौकांनाही तेच पोलाद उपयोगी पडले. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘पिनाक’ अग्निबाण यंत्रणा आज आर्मेनियाने विकत घेतली आहे. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या नोंदींनुसार २०१० ते २०१४ या काळात आपल्या शस्त्र आयातीतला रशियाचा वाटा ७२ टक्के होता, तो २०२० ते २०२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला. एका दुकानदारावरचे अवलंबन कमी झाले, हे चांगलेच आहे. तथापि त्याच काळात जगातला दुसऱ्या क्रमांकाचा आयातदार आपणच होतो, हेही त्याच नोंदी सांगतात.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. जर्मन पाणबुड्यांचा करार करताना शेवटची पाणबुडी पाण्यात उतरण्याआधी पुढच्या तुकडीची मागणी नोंदवण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घ्यावे, आणि ती तुकडी भारतीय आराखड्याची असावी. देशी साहित्याची टक्केवारी जाहीर करताना ती किमतीवरून काढून थांबू नये. इंजिन, सेन्सर आणि विशेष मिश्रधातू यांपैकी काय अजून बाहेरून येते आणि ते किती वर्षांत इथे होणार, हे प्रत्येक मोठ्या कराराबरोबर संसदेसमोर ठेवावे. आणि दलालीचा आरोप झाल्यास चौकशी चालू असतानाही सुटे भाग, दारूगोळा आणि आराखड्यांवरील काम सुरूच राहील, अशी तरतूद खरेदीच्या नियमांतच करावी. राज्यातल्या खासदारांनी, निदान मुंबई, पुणे आणि नाशिकच्या खासदारांनी तरी, येत्या अधिवेशनात यावर संरक्षणमंत्र्यांना प्रश्न विचारावेत, ही आपल्या दैनिकामार्फत त्यांना विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त वेल्डिंग निरीक्षक,
चिंचवड, पुणे