थ्री फेज रात्रीच का येते?

मा. ऊर्जामंत्री, कर्नाटक राज्य, यांना

सप्रेम नमस्कार.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फिजिक्स आणि केमिस्ट्री हे माझे विषय. गाव बेळगाव तालुक्यात, मार्कंडेय नदीच्या काठाला. घरचा दोन एकर ऊस, नदीच्या अंगाला थोडं भात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेल्यावर सगळं इंग्रजीत आलं. पहिले सहा महिने 'मोल' (अणू-रेणू मोजायचं एकक) म्हणजे काय हे मी नुसतं पाठ करत होते. ते डोक्यात शिरलं ते एका साध्या हिशेबानं: १२ ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो.

चुलीपाशी वाढलेल्या पोरीला हे पटायला वेळ लागतो. जळालं की वस्तू हलकी होते, चिमूटभर राख उरते, हेच आपण बघत आलेलो. पण कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वजन साडेतीन पटींहून जास्त भरतं. आपल्याला ते दिसत नाही, एवढंच.

आता रात्रीचं सांगते. शेतीला सात तास थ्री फेज, म्हणजे पंपाची मोटार चालते ती वीज, द्यायची, असं सरकार म्हणतं. ते सात तास कधीचे, हे पाळीवर असतं. गेल्या उन्हाळ्यात आमची पाळी रात्रीची होती. साडेअकराला लाईट आली, बाबा बॅटरी घेऊन निघाले, मीही मागोमाग गेले. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीवर बाबांनी काठीनं तीनदा ठोकलं, थोडं थांबले आणि मग दार उघडलं. एकदा आत घोणस वेटोळं घालून बसली होती, तेव्हापासूनची ही सवय. "आत कोण हाय काय विचारून घ्यायचं," म्हणाले.

मी म्हटलं, "आपोआप चालू होणारा ऑटो स्टार्टर बसवूया की, बाबा."

"बसवलेत की सगळ्यांनी. लाईट आली की साऱ्या मोटारी एकदम सुटतात. टीसी (ट्रान्सफॉर्मर) जळला म्हणजे आठ दिवस बसा बोंबलत."

मग सरीत पाणी फिरवत ते पहाटेपर्यंत उभे होते. मी तीन वाजता बांधावरच झोपले.

दुसऱ्या दिवशी वहीत हिशेब मांडला. ५ एचपीची मोटार म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट. सात तासांचे २६ युनिट. देशातल्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे आमच्या एका मोटारीचा एका रात्रीचा झाला सुमारे १८ किलो. मोटारीत वाया जाते ती वीज मी धरलेलीच नाही. उसाची एक मोळी उचलावी एवढं ते वजन. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "कुठं हाय, दाखव." दाखवता आलं नाही.

सरासरी ही सरासरीच, हे मला कळतं. आपल्या राज्यात शरावतीच्या पाण्यावरची वीज आहे, कैगाची अणुवीज आहे, पावगडचा २०५० मेगावॅटचा सोलर पार्क आहे. पावसाळ्यात सौंदत्तीकडच्या पवनचक्क्या रात्रीही फिरतात. त्यामुळं आपल्याकडचा आकडा कमीच भरेल. पण उन्हाळ्यातल्या रात्री, ऊस सुकायला लागतो तेव्हा, पावगडच्या काचा अंधारात असतात आणि रायचूर-बळ्ळारीचा कोळसा जळत असतो. त्याच दिवशी दुपारी आमच्या शेतावर ऊन मी म्हणत होतं, आणि मोटार बंद होती. मला या पत्रात म्हणायचंय ते एवढंच आहे, साहेब. ऊन दिवसा, पाण्याची गरज दिवसा, आणि वीज रात्री. ही पाळी कुणी लावली?

हवामान बदलाचा धडा वर्गात आला तेव्हा बर्फावर उभ्या अस्वलाचं चित्र होतं. आमच्यापैकी कुणी अस्वल काय, बर्फही पाहिलेला नाही. आम्ही ऑगस्ट २०१९ पाहिला. मार्कंडेयचं पाणी भातातून वर चढलं, तिकडं गोकाकात घटप्रभा घरांत शिरली. नंतर जून २०२३ पाहिला. पाऊस लांबला, राकसकोप जलाशय तळाला गेला आणि बेळगाव शहर टँकरची वाट बघत बसलं. कुठलाही एक पूर किंवा एक दुष्काळ हवामान बदलाच्या नावावर घालू नये, हे आमच्या मॅडम बजावून सांगतात. पण हवा १ अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, हेही त्याच शिकवतात. मावलेली वाफ कधीतरी एकदम उतरणारच.

पाण्यावर, चिपाडावर वीज करणं या जिल्ह्याला नवं नाही. गोकाकच्या धबधब्यावर १८८७ सालीच वीज तयार झाली, असं शाळेच्या सहलीत आम्हाला सांगितलं होतं. साखर कारखाने चिपाड जाळून वीज करतात आणि ग्रिडला विकतात. आमचाच ऊस वीज होऊन जातो आणि वीज परत येते ती मध्यरात्री. (तोडणी झाल्यावर शेतातला पाला आपणच पेटवतो, तो गुन्हा आमचा. त्याचं पत्र बाबांना वेगळं लिहीन.)

मागणी नवी योजना काढा अशी नाही. २०१९ पासून कुसुम योजना आहे, शेतीचे फीडर (सबस्टेशनातून शेतीला वीज नेणाऱ्या लाइनी) सौरऊर्जेवर आणायची सोय तिच्यात आहे. सबस्टेशनजवळ पॅनेल लावायचे आणि शेतीची वीज सकाळी नऊ ते चार द्यायची. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतलं कुठलं सबस्टेशन कधी होणार, याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. ती कन्नडबरोबर मराठीतही असू दे. मला कन्नड वाचता येतं, आजोबांना येत नाही, आणि मोटारीचा मीटर त्यांच्या नावावर आहे. तोवर निदान उन्हाळ्याचे तीन महिने तरी रात्रीची पाळी काढा.

सरकारच्या गृहज्योती योजनेमुळं घरचं बिल शून्य येतं, त्याबद्दल आईनं तुम्हाला धन्यवाद सांगितलेत. मोटारीचंही बिल नाही. फुकट मिळतंय त्याची वेळ विचारायची नसते, असं गावात काहीजण म्हणतात. मी विचारते आहे.

डिसेंबरात अधिवेशनाला तुम्ही बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधला येता. तिथून आमचं शेत गाडीनं काही लांब नाही. एका रात्री या. थंडी असते, स्वेटर आणा, पायांत बूट असू देत. पेटी उघडायच्या आधी काठीनं कसं ठोकायचं ते बाबा दाखवतील. लाईट किती वाजता येईल ते मात्र तुम्हीच आधी विचारून घ्या, आम्हाला कोणी सांगत नाही.

आपली,
बीएस्सी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी,
बेळगाव तालुका