उद्योगांना आधी सांडपाणी द्या

नागपूर महापालिकेच्या भांडेवाडी येथील प्रकल्पात शुद्ध झालेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. क्षमता रोज १३ कोटी लिटर. पेंच धरणावरचा भार हलका होतो, पालिकेला चार पैसेही मिळतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणाने तर मैलाशुद्धीकरण प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी बंधनकारक केले. मग बाकीच्या उद्योगांना सूट कशासाठी? मैला नदीत सोडायचा आणि कारखान्यांना धरणाचे पाणी द्यायचे, हा उरफाटा कारभार तहानलेल्या मराठवाड्यातही चालतो. टँकरची बिले निघतात. एमआयडीसीपर्यंत जलवाहिनी टाकायला मात्र निधी नसतो! नव्या कारखान्याला धरणाचे पाणी मंजूर करण्यापूर्वी जवळच्या शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी का चालत नाही, याचा लेखी खुलासा जलसंपदा विभागाने घ्यावा.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर