झोपाळ्याबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

खरं तर फोनवरच सांगणार होते. तीनदा लावला. तिन्ही वेळा आईनं विचारलं, "झोपाळ्याचं पॉलिश वाळलं का गं?" आणि तिन्ही वेळा मी "होत आलंय" म्हणून सुपारीच्या भावावर घसरले. आता कागदावर तरी खरं लिहिते.

झोपाळा पॉलिशला नेलाच नव्हता. मी तो कापला. लांबीत, बरोबर मधोमध. त्याचं जेवणाचं टेबल केलंय आणि शनिवारी घेऊन येतेय.

बाबा आता चष्मा काढून ठेवतील, आई म्हणेल "बघितलंत तुमच्या लेकीचं!" आधी पुढचं वाचा, मग काय ते बोला.

खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काय सांगितलं ते बाबांना आठवत नसेल तर मी सांगते. मांडी घालायची नाही, पाटावर बसायचं नाही, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. झोपाळ्यावरून उठताना कड्या धरल्या तरी फळी मागे सरकणारच. त्या दिवशी तुमची चूक होती असं मी मुळीच म्हणत नाही बाबा, फरशी ओली होती हे मलाही मान्य आहे. आणि आई, व्हिडिओ कॉल लावून तू मोबाईल डब्याला टेकवून ठेवतेस ना, तेव्हा पाटावरून उठायला तुला किती वेळ लागतो ते मला इथे पुण्यात बसून दिसतं.

विकतचं टेबल आणता आलं असतं. दादा म्हणालाच, ऑनलाइन मागव, चार दिवसांत दारात. पण त्याच्यावर इस्त्रीचे कपडे, औषधांचा डबा आणि वाळवलेली आमसुलं राहिली असती, आणि तुम्ही दोघं जेवायला पाटावरच. झोपाळ्याचीच फळी असेल तर बसाल, असा माझा हिशेब. चुकला असेल तर मला बोला, टेबलाला नको.

कापायचं कारण साधं आहे. फळी साडेपाच फूट लांब, पण रुंदी बावीसच इंच. समोरासमोर दोन ताटं, मध्ये भाताचं पातेलं आणि आमटी ठेवायची तर तीस इंच तरी लागतात. म्हणून दोन भाग केले आणि मध्ये आठ इंचांची फणसाची फळी घातली. कुठला फणस, ओळखलात ना? 3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग वादळात विहिरीवर आडवा झाला तो. बाबा जळणाला देऊन टाका म्हणत होते, मी भांडून दोन ओंडके चिरून घेतले. इंचामागे एक वर्ष वाळवायचं असं सुतार म्हणतात. आपला दीड इंची फळ्यांचा फणस पाच वर्षं वाळलाय. हळदीसारखा पिवळा निघाला, आता हळूहळू मधासारखा होईल.

करवत सुरू करण्याआधी मी अर्धा तास नुसती फळीपाशी बसून होते. पहिल्या रेषेला सागाचा तेलकट वास आला, साठ वर्षांच्या फळीत अजून एवढा वास! बाबा, त्या वासाबरोबर पावकी-निमकीचे पाढे आठवले. तुमच्या मांडीवर डोकं, तुमचा एक पाय जमिनीवर, आणि अडीचकीशी येईपर्यंत मी झोपलेली. तुम्ही पुढचं म्हणत राहायचात की थांबायचात, हे मला अजून माहीत नाही.

आता नक्षी. ही आईसाठी.

आई, दोन वर्षं झाली, तुझ्या गुडघ्यांनी तुळशीपुढे चैत्रांगण काढू दिलेलं नाही. तुझ्या वहीतलं मी मागच्या वेळी उतरवून आणलं होतं. सगळी चिन्हं आठ इंचांत बसत नाहीत, म्हणून शंख, चक्र, सूर्य-चंद्र, कासव, हत्ती, गोपद्म, करंडा-फणी, तुळशीवृंदावन एवढीच घेतली, आणि मधोमध झोपाळ्यातली गौर. आजीच्या शिसवी पलंगाचा एक पाय माळ्यावर होता, त्यातून चिन्हं कापली आणि फणसात जडवली. म्हणजे पांढरी रांगोळी काळी झाली, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. पांढरं आणायचं कुठून? म्हैसूरच्या राजवाड्यातल्या ज्या दारापुढे मी हटून बसले होते, त्याच्या शिसवात हस्तिदंत आहे. तो व्यापार आपल्याकडे केव्हाच बंद झाला, आणि झालं तेच बरं. आता पांढऱ्यासाठी प्लॅस्टिकही वापरतात. ते आपल्या टेबलात नको.

काम दिसायला नाजूक, करायला भयंकर किचकट. शिसवाचा तुकडा आधी कापायचा, तो फळीवर ठेवून भोवती सुरीच्या टोकानं रेघ मारायची आणि रेघेच्या आतलं लाकूड पटाशीनं तीन मिलिमीटर खोल काढायचं. रेघेवर पटाशी टेकवली की संपलं, फट राहते. माझं पहिलं कासव सैल बसलं, वाळल्यावर टुणकन बाहेर आलं. हत्तीची सोंड तीनदा तुटली. सोंड वळते तिथे लाकडाचा रेषा आडवा येतो आणि तिथेच कट्ट होतं. शेवटी सोंड दोन तुकड्यांत केली, सांधा शोधून दाखव. तुझं कासव नेहमी पुरीसारखं फुगीर असतं. मी ते आधी नीट गोल-बिल करून बघितलं, तर दुकानातल्या स्टिकरसारखं दिसायला लागलं. मग पुरीच ठेवली.

गौरीच्या झोपाळ्याच्या साखळ्या पितळी तारेच्या आहेत. उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीचे कारागीर शिसमाच्या लाकडात पितळेची तार ठोकून नक्षी करतात, तारकशी म्हणतात तिला. त्यांच्या हाताची सर मला नाही, पण चार साखळ्या जमल्या. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पितळ हलत नाही, म्हणून लांब तार आडव्या रेषात घातली तर उचकटते. माझ्या साखळ्या बोटाच्या पेराएवढ्याच आहेत. खऱ्या झोपाळ्याच्या कड्यांची चार भोकंही बुजवून लपवली नाहीत. त्यांत शिसवीच्या चकत्या बसवून भोवती तारेचं कडं दिलंय. हाताला लागणार नाही, डोळ्याला दिसेल.

फळीच्या खालच्या बाजूला कंपासच्या टोकानं कोरलेला एक बदाम आणि एक अक्षर सापडलं. अक्षर कुणाचं ते दादाला विचारा. तिथे मी रंधा मारला नाही.

आता नीट ऐका.

बाबा, खाली वाकू नकाच, पण वाकलात तर फळी पायांना पक्की ठोकलेली दिसणार नाही. लाकडी गुटक्यांनी धरलीय, कारण श्रावणात ती रुंदीत चार-पाच मिलिमीटर फुगणार. सुतारानं कंजुषी केली म्हणून शेजारून स्क्रूड्रायव्हर आणायचा नाही. खुर्ची हाताची आणि एकोणीस इंच उंच केलीय, हातांवर जोर देऊन उठायचं. आईचे पाय टेकत नाहीत म्हणून तिच्या बाजूला खाली आडवी पट्टी आहे.

आई, पितळ दिसलं की तुझे हात शिवशिवतात. चिंच नाही, पितांबरी नाही, कोरडं फडकं फक्त. पन्हं सांडलं तर लगेच पुसायचं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही सांग. गरम पातेल्याखाली चुंबळ ठेव. डाग पडला तर पडू दे, वर्षातून एकदा मी येऊन घासून तेल-मेण लावीन. ते काम माझं, तू पदर खोचून बसू नकोस.

तुळईतले झोपाळ्याचे आकडे काढलेले नाहीत, साखळ्याही पिशवीत आहेत. त्या जागी रिकामं वाटेल, मला माहीत आहे. केळीचा घड टांगा हवं तर. तुम्हाला फारच चुकल्यासारखं झालं तर बाबांना धरून उठता येईल असा दांडा लावून दुसरा, बुटका झोपाळा करू. सागाचं बघून ठेवलंय. पण आधी महिनाभर टेबलावर जेवा.

शनिवारी पहाटे पाचला ताम्हिणीमार्गे निघते, दहा-साडेदहापर्यंत पोचेन. ओटीचं दार मोजलंय, फळी उभी करून आत जाते. बाबांनी उचलायला यायचं नाही, बरोबर दोघं आहेत. आई, साधा वरणभात कर, तिघांची पानं टेबलावर मांडू.

तुमची,
ठमी

ता. क. रागावला असलात तर शुक्रवारी रात्री फोन करू नका. शनिवारी समोर बसून रागवा, मी ऐकून घेईन.