फायरफॉक्स काढून टाकण्याआधी त्याचे पॅकेज ओळखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून जुन्या संगणकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट अशी लिनक्सची एखादी डिस्ट्रो (तयार रूप) टाकण्याचा सल्ला वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान पुरवण्यांतून दिला जातो. सल्ला चांगलाच आहे. पण नव्याने लिनक्सवर आलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा ब्राउझरची असते आणि तिच्यावरचा उपाय ठरलेला असतो: 'फायरफॉक्स काढा, पुन्हा टाका.' दोष त्याने क्वचितच जातो, बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड मात्र जाऊ शकतात. म्हणून हे सविस्तर पत्र. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहिण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत द्यायच्या.)

आधी एकच गोष्ट तपासावी: आपल्याकडचा फायरफॉक्स कोणत्या पॅकेजमधून (प्रोग्रॅम बसवण्याच्या तयार संचातून) आला आहे? उबुंटू २२.०४ पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, ॲप्ट या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाला 'ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स' म्हटले तरी ब्राउझर डेब या नेहमीच्या पॅकेजमधून येत नाही. येते ते एक पोकळ पॅकेज, आणि ते मागच्या मागे स्नॅप हे वेगळ्या प्रकारचे पॅकेज बसवते. मागितले एक आणि मिळाले दुसरे, ही उबुंटूची पद्धत मला पटत नाही, कारण पुढच्या निम्म्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे. मिंटमध्ये मात्र फायरफॉक्स डेब स्वरूपातच येतो, तर डेबियनमध्ये ईएसआर (दीर्घकाळ आधार असलेली) आवृत्ती असते. 'स्नॅप लिस्ट फायरफॉक्स' दिल्यावर नाव आणि आवृत्तीची ओळ दिसली, तर तो स्नॅप. 'ॲप्ट-कॅश पॉलिसी फायरफॉक्स' दिल्यावर आवृत्तीच्या आकड्यात '१:१स्नॅप१' दिसले, तर ते उबुंटूचे पोकळ पॅकेज.

स्नॅपमधला ब्राउझर चौकटीत बंद असतो. सुरक्षिततेसाठी ते योग्यच, पण त्याचे परिणाम माहीत हवेत. घरच्या (होम) फोल्डरमधले टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर त्याला उघडता येत नाहीत. त्याचा तात्पुरत्या फाइलींचा 'टीएमपी' फोल्डर स्वतंत्र असतो, त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅमने तिथे तयार केलेले पान उघडायला गेले की 'फाइल सापडली नाही' असे उत्तर येते. फाइल जागेवरच असते, ब्राउझरला ती दिसत नाही इतकेच. पेन ड्राइव्हवरून फॉर्मला फोटो जोडता येत नसेल, तर 'स्नॅप कनेक्शन्स फायरफॉक्स' द्यावे. 'रिमूव्हेबल-मीडिया'च्या ओळीत स्लॉटच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असेल, तर परवानगी जोडलेली नाही. 'सुडो स्नॅप कनेक्ट फायरफॉक्स:रिमूव्हेबल-मीडिया' एवढ्याने काम होते. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची लायब्ररी ब्राउझरमध्ये जोडायची असेल, तर अडचण मोठी आहे, कारण संगणकाच्या 'यूएसआर' फोल्डरमध्ये बसवलेल्या लायब्ररी स्नॅपला दिसतच नाहीत. अशा ठिकाणी डेब पॅकेजच घ्यावे.

नेमके काय अडले, याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही. बिघाड होताच 'सुडो जर्नलसीटीएल -के' देऊन शेवटच्या ओळी वाचाव्यात. 'ॲपआर्मर', 'डिनाइड' आणि 'स्नॅप.फायरफॉक्स.फायरफॉक्स' हे तीन शब्द एकाच ओळीत आले, तर नकार चौकटीने दिला आहे. त्याच ओळीत 'नेम' पुढे अडवलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता असतो. अशी ओळ नसेल, तर दोष दुसरीकडे शोधावा. त्यासाठी मदत मेनूतून ट्रबलशूट मोडमध्ये फायरफॉक्स सुरू करावा. त्यात एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) आणि ग्राफिक्स कार्डाची मदत दोन्ही बंद होतात. तिथे सगळे नीट चालले, तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत दोषी शोधावे.

'फायरफॉक्स स्नॅपचे अपडेट बाकी आहे, ॲप बंद करा' ही सूचना रोज येते आणि लोक वैतागतात. तो बिघाड नव्हे. ब्राउझर चालू असताना स्नॅप त्याला हात लावत नाही, काही दिवस वाट पाहते. सगळ्या खिडक्या बंद करून 'सुडो स्नॅप रिफ्रेश फायरफॉक्स' द्यावे. तरीही 'चालू आहे' असे उत्तर आले, तर मागे एखादी प्रक्रिया अडकली आहे. 'किलऑल फायरफॉक्स' देऊन पुन्हा रिफ्रेश करावे. नवी आवृत्ती पटली नाही म्हणून 'स्नॅप रिव्हर्ट' करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: प्रोग्रॅम मागे जातो, प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड वगैरे आपला डेटा) जात नाही. नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडत नाही, नवे तयार करायला सांगतो. मग बुकमार्क गेले अशी ओरड होते. ते जुन्या प्रोफाइलमध्ये सुखरूप असतात.

जुन्या संगणकांबद्दल आणखी दोन गोष्टी. प्रत्येक साइटवर सुरक्षा प्रमाणपत्राची चूक दिसत असेल, तर आधी तारीख पाहावी. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की घड्याळ मागे जाते आणि ब्राउझरला प्रमाणपत्रे 'अजून वैध झालेली नाहीत' असे वाटते. सेल बदलावा, ब्राउझरला हात लावू नये. दुसरे म्हणजे, ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स १४४ ही शेवटची नियमित आवृत्ती. त्यापुढे अपडेट येत नसेल, तर पॅकेज बिघडलेले नाही.

स्नॅपऐवजी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे स्वतःचे डेब पॅकेज हवे असेल, तर मोझिलाची अधिकृत ॲप्ट रिपॉझिटरी (पॅकेजचे भांडार) आहे. तिची किल्ली आणि पत्ता मोझिलाच्याच मदत पानावरून घ्यावा. इथे बहुतेकांचे घोडे एका जागी अडते. रिपॉझिटरी जोडूनही ॲप्ट परत स्नॅपच आणते, कारण उबुंटूच्या पोकळ पॅकेजच्या आकड्यात सुरुवातीला '१:' आहे. त्यापुढे मोझिलाचा आकडा कितीही मोठा असला, तरी ॲप्ट त्याला जुनाच समजते. म्हणून 'ईटीसी'मधल्या ॲप्टच्या 'प्रेफरन्सेस.डी' फोल्डरमध्ये फाइल करून मोझिलाच्या रिपॉझिटरीला १००० ची प्राथमिकता द्यावी लागते. ही पायरी वगळून चालत नाही.

त्याही आधी प्रोफाइल वाचवावे. 'अबाउट:प्रोफाइल्स' या पानावर 'रूट डिरेक्टरी'समोर त्याचा खरा पत्ता दिसतो. स्नॅपमध्ये तो घरच्या 'स्नॅप' फोल्डरमध्ये फायरफॉक्स, कॉमन अशा क्रमाने आत असतो. ब्राउझर बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेर कॉपी करावा. बुकमार्क 'प्लेसेस.एसक्यूलाइट'मध्ये असतात. पासवर्डसाठी 'लॉगिन्स.जेसन' आणि 'की४.डीबी' या दोन्ही फाइल लागतात, एकीने भागत नाही. डेब बसल्यावर त्याच पानावर नवे प्रोफाइल तयार करताना फोल्डर म्हणून ही कॉपी निवडावी आणि तेच डीफॉल्ट करावे. डेबची आवृत्ती स्नॅपपेक्षा जुनी मात्र नसावी.

माझी विनंती अशी की, आपल्या पुरवणीत लिनक्सबद्दल काही छापताना डिस्ट्रोचे नाव, आवृत्ती आणि पॅकेजचा प्रकार आवर्जून द्यावा. मिंटसाठीचा उपाय उबुंटूवर चालेलच असे नाही. आणि 'स्नॅप रिमूव्ह'ला '--पर्ज' जोडलेली कमांड इशाऱ्याशिवाय कधीही छापू नये, कारण ती प्रोफाइलही पुसून टाकते. 'पर्ज' न लावता स्नॅप काढला असेल, तर डेस्कटॉप उबुंटूमध्ये त्याच्या डेटाची प्रत सहसा ३१ दिवस ठेवलेली असते. ज्यांनी फायरफॉक्स असा काढून टाकला आहे, त्यांनी मुदत संपण्याआधी स्नॅप पुन्हा बसवावा, 'स्नॅप सेव्ह्ड' देऊन त्या प्रतीचा क्रमांक पाहावा आणि 'सुडो स्नॅप रिस्टोअर' पुढे तो क्रमांक द्यावा.

आपला,
एक वाचक