छतावरचा जिताडा

कॅनबेरा

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

जव्हारच्या शाळेच्या भिंतीचा नकाशा मिळाला. वारली चित्रकारांना काम देताय हे छानच. इकडे आदिवासी कलावंतांची चित्रं मोठ्या इमारतींवर कशी चढवली, असं तू विचारलंयस. कामं पुष्कळ आहेत, पण दोनच सांगते, कारण तुला उपयोगी पडेल ते सगळं त्या दोन्हींत आहे.

पहिलं पॅरिसमधलं. ज्याँ नुव्हेलने बांधलेलं के ब्रॅन्ली संग्रहालय २००६ मध्ये उघडलं, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या आठ आदिवासी कलावंतांचं काम इमारतीतच बसवलं होतं. टॉमी वॉटसनचं चित्र पोलादी पत्र्यांवर मीनाकारी करून छताला लावलं, जूडी वॉटसनचं काचेवर आलं. पण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते २०१३ मध्ये गच्चीवर झालेलं लीना न्याडबीचं काम. ही बाई पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ईस्ट किंबर्लीतल्या वॉर्मुन वस्तीची, गीजा समाजातली. चित्रात बारामुंडी माशाचे खवले आहेत. बारामुंडी म्हणजे आपला पेण-अलिबागचा जिताडा, अगदी तोच मासा. गीजांच्या कथेत बायका स्पिनिफेक्स गवताचं जाळं करून त्याला कोंडतात, तो डोंगराच्या खिंडीतून उडी मारून निसटतो आणि खवले खडकात राहतात, तेच हिरे. त्याच जागी आर्गाइलची हिऱ्यांची खाण झाली आणि २०२० मध्ये बंद पडली. तिथल्या बारीक तपकिरी हिऱ्यांना पैलू पाडायचं काम मुख्यतः सुरतेकडे होई. म्हणजे गीजांच्या हिशेबाने ते खवले आपल्या शेजारूनच गेले. हे ठाऊक नसेल, तर ती गच्ची नुसती काळी-पांढरी नक्षी वाटते.

मूळ चित्र कोळसा आणि पांढऱ्या मातीचं. या माती-रंगांचं गणित नाजूक असतं. पूर्वी ते झाडाच्या डिंकात घोटत, आता ॲक्रिलिक माध्यमात किंवा फेव्हिकॉलसारख्या गोंदात घोटतात. बांधणी कमी पडली तर रंग बोटाला लागतो, जास्त झाली तर चकाकी येते आणि मातीचा पोत जातो. उघड्या गच्चीवर तर असा रंग टिकणारच नाही. म्हणून तिथे रस्त्यावर पट्टे मारायचा रंग वापरला. जागा ७०० चौरस मीटर आणि त्यासाठी स्टेन्सिलं कापली १७२. दोन-चार स्टेन्सिलं फिरवून फिरवून मारली असती तर काम स्वस्तात झालं असतं, पण मग तो वॉलपेपर झाला असता. हाताने काढलेल्या चित्रात एक खवला दुसऱ्यासारखा नसतो. हे चित्र आयफेल टॉवरवरून बघायचं असतं, हेही लक्षात ठेव. किती लांबून बघायचं ते आधी ठरतं आणि रेघेची जाडी त्यावरून. तुमची मुलं भिंतीला नाक लावून बघणार, तेव्हा मोठं करून छापायच्या भानगडीत पडूच नका. चित्रकारांनाच परांचीवर चढू द्या. तरी कुठे स्टेन्सिल लागलंच तर प्रत्येकाला क्रमांक द्या, भिंतीवर दोन पक्क्या खुणा करा आणि रंग पातळ हाताने दोनदा द्या. एकदाच जाड दिला की कडेखाली ओघळतो.

दुसरं काम इथलंच, संसद भवनासमोरचं. १९८८ मध्ये इमारत उघडली तेव्हापासून अंगणात मायकेल नेल्सन जगमारा या मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी समाजाच्या चित्रकाराच्या चित्रावरून केलेली दगडी फरसबंदी आहे. १९६ चौरस मीटरमध्ये सात रंगांच्या ग्रॅनाइटचे सुमारे ९०,००० तुकडे, सगळे गिलोटिनखाली, म्हणजे दगड तोडायच्या पात्याखाली, हाताने तोडलेले. तोडलेल्या तुकड्याचा माथा खडबडीत राहतो, त्यामुळे कललेल्या उन्हात रंगांचे ठिपके वेगळे दिसतात. करवतीने कापून घोटलेल्या फरशीत ते जमलं नसतं. पण रंगाचा ठिपका ब्रशने कितीही गोल काढता येतो, दगडात त्याला कोपरे येतातच. तिथे पाथरवटाला निर्णय घ्यावा लागतो आणि तो चित्रकाराला दाखवूनच घ्यायचा. १९९३ मध्ये जमिनीच्या हक्कांच्या वादात जगमारा स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि निषेध म्हणून त्यातला दगड उखडून काढला. चित्र सरकारी अंगणात बसलं म्हणून ते सरकारचं झालं, असं तो मानत नव्हता.

आता परवानगीचं. तुमच्या कागदांत 'चित्रकाराची सही' एवढाच रकाना आहे, तो पुरणार नाही. वार्लपिरी लोकांत एखाद्या जागेची कथा बापाकडून ज्याला मिळते तो किर्डा आणि आईकडून मिळते तो कुर्डुंगुर्लू. पहिला चित्र काढतो, दुसरा ते बरोबर आहे का यावर लक्ष ठेवतो. एकाच्या होकारावर काम चालत नाही. पापुन्या या मध्य ऑस्ट्रेलियातल्या वस्तीत १९७१ पासून पुरुषांनी फळ्यांवर चित्रं काढायला सुरुवात केली, तेव्हा काहींत फक्त दीक्षा झालेल्यांनी बघायच्या खुणा आल्या. दुसऱ्या वस्त्यांतले लोक भडकले. त्यानंतर त्या खुणा गाळल्या गेल्या किंवा ठिपक्यांखाली झाकल्या गेल्या.

जव्हारला हाच प्रश्न लग्नचौकाचा. पालघट देवीचा चौक लग्नात सवाशिणींनी काढायचा असतो. तो शाळेच्या भिंतीवर, बाराही महिने, पुरुष चित्रकाराच्या हातून काढलेला चालेल का, हे पाड्यावरच्या बायकांना आणि भगताला आधी विचार. चित्रकार 'चालतंय की' म्हणेल, कारण त्याला काम हवंय. तारपा नाच, शेती, मासेमारी यांत अडचण येऊ नये.

करारात हक्क विकत घेऊ नका; या एका भिंतीपुरती परवानगी घ्या. कॅलेंडर, टी-शर्ट, तुमच्या ऑफिसचं ब्रोशर याचे पैसे वेगळे. भिंत पाडायची वेळ आली तर आधी कळवायचं, हेही लिहा. आपल्याकडे कलाकृतीची मोडतोड झाली तर कलावंताला दाद मागू देणारं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे, आणि विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाची सरकारने वाट लावली म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पाच लाखांची भरपाई दिली होती. तुमच्या साहेबांना हे नक्की दाखव.

भिंतीचं थोडक्यात. नवा गिलावा असेल तर महिनाभर वाळू दे, नाहीतर लोणा फुटून पांढरे डाग रेघांत मिसळतील. वारलीत तर रेघाच पांढऱ्या, मग डाग कुठला ते कळणारसुद्धा नाही. खालचा दीड-दोन फूट पट्टा मोकळा सोड, पागोळ्यांचं पाणी तिथे उडतं. तांदळाचं पीठ बाहेरच्या भिंतीवर पहिल्या पावसात जाईल. सिलिकेट रंग चांगला, पण तो उघड्या गिलाव्यालाच धरतो. जुना ऑइल पेंट किंवा इमल्शन असेल तर पूर्ण खरवडावं लागेल. नकाशात एक प्रसरण सांधा (भिंत फुगायला-आकसायला ठेवलेली फट) दिसतोय, बरोबर मधोमध. त्यावर माणसं काढू नका, झाडाचं खोड किंवा वाट येऊ दे, म्हणजे भेग पडली तरी चेहरामोहरा तुटणार नाही.

भिंत पश्चिमेला आहे का ते नकाशावरून कळत नाही, तेवढं कळव. आणि सध्या तिच्यावर कुठला रंग आहे त्याचा जवळून काढलेला फोटो पाठव. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या